मागच्या सीटवर बसून बघा

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्तानं साताऱ्यात टूरिस्ट गाड्यांचे चालक आणि मालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. भाडं सोडून तुम्ही इथं आलात, म्हणजे आज प्रत्येकाचा निदान एक फेरा बुडाला. त्याच्या बदल्यात तुमच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे, ही माझी जबाबदारी आहे. मी इंजिनिअर नाही, अधिकारीही नाही. २८ वर्षं गॅरेज चालवतो. तुमच्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात.

आधी एक विचारतो. गेल्या महिन्याभरात आपल्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण कोण बसलं? हात वर करा. दहा-बारा जण. आता झोपायला म्हणून जे आडवे झाले त्यांनी हात खाली घ्या. सरळ बसून, प्रवासी बसतो तसं बसून, पट्टा ओढून, बक्कल लावून कोण बसलं? एकही हात नाही.

हेच मला सांगायचंय. स्वतःच्या घरच्या गाडीत बायको मागं बसते, आई बसते, पोरं बसतात. पट्टा अडकला तर घरी आल्यावर बोलणी खावी लागतात, मग माणूस दुरुस्त करून घेतो. भाड्याच्या गाडीत मागं बसणारा माणूस दोन तास बसतो, पैसे देतो, उतरतो. पट्टा लागला नाही म्हणून तो परत येऊन तक्रार करत नाही. चालक कधी मागं बसत नाही. मालक गाडीत असतोच कुठं? तो हिशेबाला बसतो. म्हणजे गाडीत सगळ्यात जास्त माणसं जिथं बसतात, ती जागा कोणाच्याच नजरेखाली नाही. पुढचा आरसा फुटला तर अर्ध्या तासात बदलतो आपण. मागचं बक्कल दोन वर्षं गायब असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

हे मी तुम्हाला दोष देऊन बोलत नाही. माझ्या हातून काय झालं ते आधी सांगतो.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. एक सात आसनी टूरिस्ट गाडी माझ्याकडे आली, नवी कोरी. मालकाला सीटकव्हर घालून हवी होती. तपकिरी रेक्झिन, वर पांढरी शिलाई. कव्हर शिवणारा कारागीर माझ्या गॅरेजच्या शेजारीच बसायचा. काम मी घेतलं आणि त्याच्याकडून करून घेतलं. मधल्या सीटच्या गादीत बकलं वर यायला फट असते. बकलं वर आली की रेक्झिनला सुरकुती पडते, कव्हर ताठ बसत नाही. म्हणून त्यानं बकलं खाली दाबली आणि वरून कव्हर ताणून बसवलं. मी पाहिलं. मालकानंही पाहिलं. गाडी सुंदर दिसत होती. त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी तीच गाडी क्रेनला लटकून परत आली. पसरणी घाट उतरताना कठड्याला धडकली होती. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस. पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते, दोघं आपल्या पायांनी बाहेर आले. मधल्या सीटवर एक शिक्षिका होत्या. पाचगणीहून वाईला लग्नाला निघाल्या होत्या. त्या पुढच्या सीटच्या पाठीवर तोंडावर आदळल्या आणि दोन सीटांच्या मधे अडकल्या. जबडा मोडला, खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला. पण वर्गात उभं राहून शिकवणं त्यांना पुन्हा जमलं नाही.

विम्याचा सर्व्हेअर पाहून गेला आणि मी गाडीत शिरलो. मधल्या सीटचा पट्टा दाराशेजारच्या खांबाला सरळ लटकत होता. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. मनात आलं, बाईंनी लावला का नसेल? मग ब्लेड घेतलं आणि कव्हर कापलं. आत तिन्ही बकलं होती. कंपनीतून येताना त्यांवर जी पातळ प्लास्टिकची पिशवी असते, तीसुद्धा तशीच होती. त्या बकलांना माणसाचा हात कधी लागलाच नव्हता.

पुढं मी त्यांना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘मी शोधलं हो. गादीत हात घालून घालून बघितलं. सापडेना. ड्रायव्हरदादांना विचारलं, तर ते म्हणाले, मागं लागत नाही.’

मागं लागत नाही. हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी म्हटलंय, मीही म्हटलंय. आज ते बंद करायला आपण जमलोय.

लागतं की नाही, हे आधी बघू. ताशी ४५ किलोमीटरनं चाललेली गाडी भिंतीला धडकली की आत बसलेल्या मोकळ्या माणसाचं जे होतं, तेच साधारण आठ मीटरवरून खाली पडल्यावर होतं. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. साठला हीच उंची १४ मीटर होते, ऐंशीला २५ मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. हायवेवर ऐंशी म्हणजे तुम्ही हळू चाललाय असं पार्टी, म्हणजे आपलं गिऱ्हाईक, म्हणते. त्याच पार्टीला आठव्या मजल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसा म्हणालात तर बसेल का?

आणि गाडी थांबली म्हणून आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगानं पुढं जात राहतो, समोर काहीतरी येईपर्यंत. पुढं बसलेल्याच्या समोर काच आणि डॅशबोर्ड. मागं बसलेल्याच्या समोर काय? तुम्ही. तुमच्या सीटची पाठ आणि तुमचं डोकं. सत्तर किलोचा माणूस मागून साठच्या वेगानं तुमच्या सीटवर आला, तर तुमचा पट्टा आणि तुमची एअरबॅग त्याला कशी अडवणार? ती पुढून येणाऱ्या माऱ्यासाठी आहेत. मागच्याचा पट्टा हा तुमच्याही जिवाचा पट्टा आहे. चालकानं हे स्वतःसाठी म्हणून तरी मनावर घ्यावं.

४ सप्टेंबर २०२२ आठवत असेल. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. महागडी गाडी, भरपूर एअरबॅगा. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघंही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा होती आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशांनाही सक्ती झाली. पुढं ती चर्चा विरली.

पण ती घरची गाडी होती. भाड्याच्या गाडीचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं सांगतो. जॉन नॅश नावाचे गणितज्ञ होते, नोबेल मिळालेले. २०१५ च्या मे महिन्यात ते नॉर्वेला गेले, गणितातला आबेल पुरस्कार घेतला, बायकोबरोबर परत आले. न्यूअर्क विमानतळावरून घरी जायला टॅक्सी केली. २३ मे. हायवेवर टॅक्सी कठड्यावर गेली. दोघंही मागं बसले होते, पट्टे नव्हते. दोघंही बाहेर फेकले गेले आणि गेले. नॅश ८६ वर्षांचे होते, त्या ८२. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये बॉब सायमन हे पत्रकार भाड्याच्या गाडीत मागं बसलेले असताना असेच गेले. त्यांनी युद्धाच्या बातम्या केल्या होत्या, इराकच्या तुरुंगात दिवस काढले होते. त्यांचाही पट्टा लावलेला नव्हता.

ही शिकलेली, जग बघितलेली माणसं होती. घरच्या गाडीत लावत असतीलही. टॅक्सीत बसलं की माणूस सगळं दुसऱ्यावर सोपवतो. चालवणारा आहे, बघणारा आहे, आपण नुसतं बसायचं. जगात सगळीकडे हेच आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर रस्त्यावरून गेली. त्या गाडीत मागं पट्टा नसायचाच. आपल्या वडाप जीपमध्ये, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये, तर आडव्या बाकड्यांवर समोरासमोर बसायचो, कशाचा पट्टा? दोन पिढ्या अशा प्रवास करत वाढल्या. त्यामुळं मागं पट्टा लावणं हे आपल्या लोकांना अजून भित्रेपणाचं लक्षण वाटतं.

२०२२ साली देशात पट्टा न लावल्यामुळं १६,७१५ माणसं गेली, हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. बघा, जवळजवळ निम्मे निम्मे.

आता पट्ट्याकडे येऊ. हा नमुना मी भंगारातल्या गाडीचा काढून आणलाय. बोलता बोलता पुढच्या रांगेपासून मागं पाठवतो, हातात घेऊन बघा.

हा तीन जागी बांधलेला पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीत नील्स बोलीन या इंजिनिअरनं बसवला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. कंपनीनं पेटंट सगळ्यांना खुलं केलं, म्हणून आज तुमच्या गाडीत तो आहे. एक पट्टी हसळीवरून आणि छातीवरून जाते, दुसरी कमरेच्या हाडांवरून. ही शरीरातली दणकट हाडं आहेत. पट्टा पोटावर बसला तर आतडी आणि यकृत फाटतात. म्हणून खालची पट्टी नेहमी पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्याजवळ. गरोदर बाई असेल तर पोटाच्या घेराखाली आणि वरची पट्टी दोन स्तनांच्या मधून. हे सांगायला संकोच वाटतो, कळतंय मला. ‘ताई, खालचा पट्टा पोटाखालून घ्या,’ एवढं म्हटलं तरी बाईमाणसाला बरोबर समजतं. सीट मागं पाडून झोपणाऱ्यांनाही उठवून बसवा. आडवा झालेला माणूस धक्क्याला पट्ट्याखालून सरकतो.

साठ किलोच्या माणसाला साठच्या वेगातून पाऊण मीटरभरात थांबवायचं म्हणजे या पट्टीवर अकराशे किलोच्या आसपास ओढ येते. म्हणूनच पट्टी दीड टनाच्या आत तुटता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची अट आहे. नवी पट्टी हे सहज पेलते. पण कडेचे धागे सुटलेली, दाराच्या कडीत दहा वेळा चेमटलेली, बिडीनं भोक पडलेली पट्टी पेलेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कापड फाटायला लागतं ते कडेपासून. साडीचा काठ उसवला की साडी कशी जाते, तुमच्या घरी विचारा.

खांबाच्या आत हा डबा असतो, रिट्रॅक्टर. आत घड्याळासारखी स्प्रिंग, ती पट्टा गुंडाळून घेते. आणि दोन कुलपं. एका वाटीत स्टीलची गोळी असते. गाडीला धक्का बसला किंवा गाडी फार कलली की गोळी सरकते, खिट्टी वर उचलली जाते आणि दातेरी चाक अडतं. दुसरं कुलूप पट्टा झटक्यानं ओढला की लागतं. म्हणून प्रवासी घाईत खसकन ओढतो, पट्टा अडतो आणि तो म्हणतो, तुमचा पट्टा जाम आहे. जाम नाहीये, उलट उत्तम चाललाय. थोडा आत सोडायचा आणि सावकाश ओढायचा. गाडी एका बाजूनं चरात उभी असली तरी अडू शकतो. ही गोष्ट निम्म्या चालकांना माहीत नाही, म्हणून चांगले पट्टे बिघडलेत म्हणून पडून राहतात.

खरा जाम वेगळा. तो इथं होतो, खांबावरच्या या कडीत, जिच्यातून पट्टा येतो. बोट फिरवून बघा, काळं लागतंय ना? मानेचा घाम, केसांचं तेल आणि आपल्या रस्त्यांची धूळ. वर्षभरात त्याचा मेणासारखा थर बसतो. मग पट्टा ओढला तर येतो, पण परत आत जात नाही. लोंबकळत राहतो, दारात चेमटतो, कड फाटते, आणि प्रवासी तो घाणेरडा पट्टा अंगाला लावून घेत नाही. पांढरा शर्ट घालून लग्नाला निघालेला माणूस कशाला लावेल? पट्टा न लावण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते मळ आहे. कायदा, सवय, आळस हे सगळं नंतर.

काम सोपं आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि वर कपड्याचा चिमटा लावा, म्हणजे परत जाणार नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. दोन्ही बाजूंनी पुसा. कडी आतून पुसा, तिथं जोर लावा. मग दारं उघडी ठेवून सावलीत वाळू द्या. ओला पट्टा आत सोडला की डब्यात बुरशी येते, वास येतो. पेट्रोल, थिनर, ब्लीच, ॲसिड काहीही लावायचं नाही, धागा आतून कुजतो आणि वरून दिसत नाही. एकानं माझ्यासमोर पट्टे काळे दिसावेत म्हणून बाजारातला रंग लावला होता. ते पट्टे मी काढायला लावले.

बकलाचं दुखणं निराळं. गेल्या दिवाळीत एका गाडीचं बक्कल खोललं. आत काय निघालं? चुरमुरे, सुपारीचं खांड, एक रुपयाचं नाणं आणि थंड पेय सांडून झालेला गुळासारखा चिकटा. मालक नवं बक्कल मागायला आला होता. जुनंच साफ करून दिलं. दर आठवड्याला टॉर्च मारून बघा, हवा भरायला जाल तेव्हा बकलातही हवा मारून घ्या. तेल मात्र सोडू नका, तेलावर धूळ बसते आणि महिन्यात पुन्हा तेच. लावताना खट्ट आवाज आला पाहिजे, ओढून सुटता कामा नये, आणि लाल बटण एका अंगठ्यानं दबलं पाहिजे. दोन अंगठे लावावे लागत असतील तर ते बक्कल अपघातात म्हातारीच्यानं सुटणार नाही.

सकाळी गाडी पुसता, काच पुसता, देवाला अगरबत्ती लावता. त्यातच मागच्या सीटवर बसा. प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढा, कडा बघा, एक झटका द्या, अडतो का पाहा, सोडा, सगळा आत जातो का पाहा, बक्कल लावा, सोडा. सात पट्ट्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. पासिंगची वाट बघू नका. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी येतं, नंतर दर वर्षी. बकलात चुरमुरे जायला एक सहल पुरते.

सीटकव्हराबद्दल माझी हात जोडून विनंती आहे. कव्हर शिवायला देताना कारागिराजवळ उभे राहा आणि बकलांची फट ठेवून घ्या. सीटवर टॉवेल, चादर टाकत असाल तर तिलाही कापून भोकं पाडा. आणि सीटच्या कुशीतून फुटणारी एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालूच नका, ती बॅग कव्हरातच अडते.

अपघातानंतर पट्टे बदलायचे. धक्क्याला पट्टा एकदा ताणला गेला की त्यानं आपलं काम केलं. नव्या गाड्यांत तर पट्टा आवळणारी छोटी बारूद असते, ती एकदाच उडते. उडालेला रिट्रॅक्टर बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून भंगारातला पट्टा घेऊ नका. हा नमुना मी दाखवायला आणलाय, कोणाच्या गाडीत बसवायला नाही. आणि एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलेला राहिला तर बिघाड आहे. तो दिवा विझवायला वायरीत एक रेझिस्टर टाकून देणारे कारागीर आहेत, दोनशे-तीनशे रुपयांत देतात. दिवा विझतो, बॅग मात्र उघडत नाही. असं काम माझ्या धंद्यातली माणसं करतात, याची मला लाज वाटते.

तीच गोष्ट बकलात घालायच्या नुसत्या क्लिपची, बीप बंद व्हावी म्हणून. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, १३,११८ ठिकाणी विकायला होत्या. अजून कोणाच्या गाडीत असेल तर आज माझ्याकडे द्या, नाव विचारणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब वाचा. पट्टा न लावणारा चालक आणि पट्टा न लावलेले प्रवासी नेणारा चालक, दोघांना १,००० रुपये. म्हणजे पार्टीनं लावला नाही तरी पावती तुमच्या नावावर फाटते. चौदा वर्षांखालच्या मुलाचीही त्यातच तरतूद आहे.

मुलांबद्दल मात्र थांबून सांगतो. आई पुढं बसते, मांडीवर बाळ. तिला वाटतं, माझे हात आहेत ना. दहा किलोचं बाळ पन्नासच्या वेगात तीनशे किलोच्या पोत्यासारखं हातातून निसटतं. कुठल्याही आईचे हात तेवढं धरू शकत नाहीत, त्यात तिच्या मायेचा दोष नाही. आणि एकाच पट्ट्यात दोघं बसली तर धक्क्याला आईचं वजन बाळाला चिरडतं. बाळाची वेगळी खुर्ची आपल्या टूरिस्ट गाड्यांत कोणी ठेवत नाही. इथल्या दहा-पंधरा मालकांनी मिळून दोन-तीन घेऊन स्टँडवर ठेवल्या, पार्टीनं बुकिंग करताना मागितली की द्यायची, तर हे जमण्यासारखं आहे. तोवर मूल मागं, आणि मोठं असेल तर स्वतःच्या पट्ट्यात.

प्रवाशाला सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. पार्टी चिडते, स्टार कमी देते. माझ्या ओळखीचा एक चालक आहे, महाबळेश्वरच्या ट्रिपा करतो. सामान डिकीत ठेवून झालं की तो मागचं दार स्वतः उघडतो, पट्टा हाताने ओढून देतो आणि म्हणतो, ‘काकू, सकाळीच धुतलाय. लावून घ्या, मग निघू.’ पोलिसाचं नाव काढत नाही. पोलिसाचं नाव काढलं की लोक टोलनाका आला की पट्टा खांद्यावर टाकतात आणि नाका गेला की सोडतात. हा म्हणतो, सहा वर्षांत नाही म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. आपण देताना मनापासून दिलं की माणूस घेतो.

प्रश्न असतील तर विचारा.

हां, वडापवाले दादा विचारतायत, सात पट्टे आणि माणसं अकरा, काय करायचं? दादा, तुमचं पोट त्या चार माणसांवर आहे हे मला माहीत आहे. एसटी वेळेवर नसते आणि शाळेच्या पोरांना तुमच्याशिवाय गाडी नाही, हेही खरं. पण मी तुम्हाला खोटं उत्तर देणार नाही. अकरा माणसांना सात पट्टे पुरवायचा कुठलाही उपाय नाही. ज्या चौघांना पट्टा नाही ते धडक झाली की बाकीच्या सातांवर पडतात. जादा माणसाची पावती २०० रुपयांची आहे, म्हणून ती परवडते. मला विचाराल तर माणसं नऊ किंवा आठपर्यंत तरी आजपासून आणा, आणि पोरांना कधीही मधे मोकळं उभं करू नका.

मागून प्रश्न आलाय, गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर माणूस पट्ट्यात अडकून मरणार नाही का? ही भीती सगळ्यांना असते. अशा अपघातात बाहेर पडायला आधी शुद्ध असावी लागते. पट्टा नसलेला माणूस पहिल्याच धक्क्यात डोकं आपटून बेशुद्ध होतो, मग बटण कोण दाबणार? पट्टा लावलेला शुद्धीत राहतो आणि त्याचा हात लाल बटणावर जातो. म्हणूनच अंगठ्याची चाचणी रोज करायला सांगतोय. हवं तर दारात काच फोडायची हातोडी ठेवा, पट्टा कापायचं पातं तिला जोडलेलंच असतं.

तिसरा प्रश्न मालकांचा आहे, खर्च कोणाचा? साबण-पाण्याचा खर्च कोणाचाच नाही. बक्कल किंवा अख्खा पट्टा बदलायचा तर तो मालकाचा, चालकाच्या भाड्यातून कापायचा नाही. चालकानं वहीत तारीख घालून लिहावं, ‘मधली सीट, डावा पट्टा, परत जात नाही,’ आणि मालकाची सही घ्यावी. सही केली की माणूस विसरत नाही.

त्या शिक्षिका अजून वाईला असतात. दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जातो. गेल्या वर्षी त्यांना रुग्णालयात न्यायला टॅक्सी आली होती, मी तिथंच होतो. काठी टेकत त्या आत बसल्या आणि बसताक्षणी त्यांचा हात गादीच्या फटीत गेला. आधी बक्कल चाचपलं. सापडलं तेव्हा कुठं त्या मागं टेकल्या.

बास. आता बाहेर पटांगणात जाऊ. तुमच्या चाळीसएक गाड्या उभ्या आहेत. बादल्या भरून ठेवल्यात, साबण आहे, कपड्याचे चिमटे आहेत. माझ्याकडे टॉर्च आहे आणि कव्हर कापायला ब्लेडही आहे. प्रत्येकानं आपली नव्हे, शेजारच्याची गाडी घ्यायची आणि तिच्या मागच्या सीटवर बसायचं. ती दाराजवळची पांढरी सात आसनी कोणाची? चला, तिच्यापासून सुरुवात करू.